शिट्टी होती म्हणून पंच

कपाट आवरताना जुनी शिट्टी सापडली. ओठांना लावली, तर तीच गंजकी चव आली आणि केजचं मैदान समोर उभं राहिलं.

तालुक्याची बास्केटबॉलची फायनल होती. मी चित्रकलेचा मास्तर, पण शिट्टी माझ्याकडे होती, म्हणून पंच मीच. एका गुणाने मागे असलेल्या संघातल्या सुनंदाने शेवटच्या क्षणी बॉल फेकला. तो हवेत असतानाच शिपायाने वेळ संपल्याची घंटा दिली, आणि मग बॉल जाळीतून खाली आला. मी गुण नाकारले.

"सर, घंटा झाली तवा बॉल माज्या हातात नव्हता," ती हळूच म्हणाली.

"पंचाला शिकवू नको."

जिंकली असती, तर जिल्ह्याच्या सामन्यांसाठी तिला मामाकडे ठेवणार होते. दुसऱ्याच दिवशी ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली.

आठवड्याने मी नियमांचं पुस्तक मागवून वाचलं. घंटेआधी बॉल हातातून सुटला असेल, तर गुण धरायचे.

उन्हाळ्यात ती गावात दिसली, गळ्यात मंगळसूत्र घालून. "सर, बरे हाव का?" तिने विचारलं.

बरा आहे म्हणालो. पुस्तक तेव्हा माझ्या पिशवीतच होतं.