पावडरीचं पत्रक

डिंडोलीत आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या, आमच्यासारख्याच धुळ्याकडच्या. त्या आणि माझी आई दुपारभर ओट्यावर बसून साड्यांना लेस लावायच्या. आईला मधुमेह होता, गोळ्या कायमच्या.

मध्यंतरी मावशी शहरातल्याच कतारगाम भागात कुठल्याशा हॉलमधल्या मीटिंगला जाऊ लागल्या. तिथून त्या ताकदीच्या पावडरीचे डबे आणून विकायच्या. डब्यासोबत मराठीत छापलेलं पत्रक असायचं : ‘मधुमेह मुळापासून जातो, गोळ्या सुटतात.’ मावशी स्वतःही तीच पावडर घेत. आईला ती त्यांनी मायेनेच दिली.

पुढे चपलेने आईचा अंगठा सोलला. पायाला बधिरपणा, त्यामुळे तिला कळलंच नाही. मला दिसला तेव्हा तो काळा पडला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या घेता ना?”

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “गोळ्या बंद. आते पावडर चालू शे.”

अंगठा काढावा लागला.

ती दवाखान्यात झोपलेली असताना मी तिच्या पिशवीतला डबा काढून वाचला. मागच्या बाजूला इंग्रजीत लिहिलेलं होतं, हे औषध म्हणून वापरू नये. आईला इंग्रजी येत नाही, मावशींनाही नाही.

डबा आणि पत्रक घेऊन मी अन्न खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी डबा बघून बाजूला ठेवला आणि पत्रक मात्र दोनदा वाचलं. “डब्यावर नियमाप्रमाणे लिहिलंय,” ते म्हणाले. “गुन्हा या कागदात आहे. पूरक आहाराने आजार बरा होतो, असं जाहिरातीत म्हणता येत नाही. हा कागद तुम्हाला कोणी दिला?”

मी नाव न सांगता परतले. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, “तिचं नाव लिहायचं नाही. दवाखान्यात रोज भाकरी तिनेच आणली.”

शेवटी मी मावशींनाच सगळं सांगितलं. त्यांनी मांडीवरची साडी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “मला घेऊन चल. मीटिंगला काय शिकवायचे, ते मीच सांगते.”

साहेबांसमोर त्या सगळं बोलल्या. पत्रकं कोण वाटायचं, गोळ्या सोडायला कोणी सांगायला लावलं, सगळं. आपण काय केलं, तेही. मग जबाबाखाली सही केली.

खात्याने डबे जप्त केले, मीटिंग घेणाऱ्यावर केस केली. ती अजून चालू आहे. तारखेला मावशी जातात.

आई पुन्हा गोळ्या घेते. तोल सांभाळत ओट्यापर्यंत चालते. दोघी तिथे बसतात, पण पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत. परवा सुई ओवताना मावशींनी विचारलं, “पाय दुखस का?”

“दुखस,” आई म्हणाली, आणि साडीचा दुसरा काठ त्यांच्याकडे सरकवला.