चौथा ताप

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा सडकून ताप आला. तेव्हा आम्ही उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये राहायचो. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. सासूबाई म्हणाल्या, दात येतायत. गल्लीतल्या डॉक्टरांनी हिरड्या चाचपून तेच सांगितलं आणि अँटिबायोटिकची बाटली लिहून दिली. तीन दिवसांत ताप उतरला. महिन्याभरात पुन्हा आला. मग पुन्हा. दर वेळी तीच बाटली.

लंगोट मीच बदलायचे. लघवी करताना ती पाय पोटाशी घेऊन कळवळायची, लघवीला उग्र वास यायचा. तिसऱ्या खेपेला मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते उत्तर देताना माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत होते. पहिलटकरणी फार विचार करतात, म्हणाले. नवरा हसला. मी गप्प बसले. मला अजून जास्त राग येतो तो माझ्या त्या गप्प बसण्याचा.

चौथा ताप माहेरी, अंबरनाथ पूर्वेला आला. दूध पिईना, उलट्या थांबेनात, हाक मारली तरी नीट डोळे उघडेना. आईने थेट मुलांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तिला पूर्ण उघडं करून तपासलं आणि विचारलं, "हिची लघवी कधी तपासलीय?"

"कधीच नाही."

त्याच दुपारी तिला दाखल केलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. सलाईनमधून औषधं सुरू झाली. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, डाव्या मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहिलेत. बाई म्हणाल्या, एवढ्या लहान बाळाला कारण सापडत नसलेला ताप आला, तर औषध सुरू करायच्या आधी लघवी तपासायलाच हवी.

नवरा हॉस्पिटलात आला आणि माझ्या आईसमोर म्हणाला, "तू आई ना? तुझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. तू हसलास."

ही वेळ आहे का, म्हणाला आणि चहा प्यायला खाली गेला. सासूबाई अजून नातेवाइकांना सांगतात, सुनेला लंगोट धुता येत नव्हते.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिचं ब्लडप्रेशर दर काही महिन्यांनी मोजावं लागतं. मीठ कमी ठेवायचं म्हणून डब्यात लोणचं देत नाही, त्यावरून ती शाळेतून आली की माझ्यावर चिडते.

गल्लीतला दवाखाना चालू आहे. मागच्या महिन्यात तिथून जाताना पायरीवर एक तरुण आई तापलेलं बाळ घेऊन बसलेली दिसली, शेजारी तिची सासू. मी थांबून म्हटलं, आत गेलीस की लघवी तपासायला सांग. तिने सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.