चुनेवाल्याची रेघ

मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या त्या माणसाला सगळे चुनेवाले काका म्हणत. बावीस वर्षं हेच काम. फुटबॉलवर त्यांचा जीव होता. बघायला येणाऱ्यांचा मात्र पार वीट आला होता.

का येऊ नये? शेवटच्या सामन्यात आपल्या संघाचा गडी पेनल्टीच्या चौकोनाशी पाडला गेला. रेफरी होते शाळेतले चित्रकलेचे मास्तर. गड्याचा पाय रेघेच्या चार बोटं बाहेर होता, म्हणून मास्तरांनी पेनल्टी न देता साधी फ्रीकिक दिली. सामना गेला, संघ खालच्या गटात घसरला. तेव्हापासून सलूनमध्ये रोज तीच गरळ. मास्तर विकले गेले म्हणे. सामन्यात पाठ फिरवून फोनवर बोलत बसलेला माणूससुद्धा आता पाय कुठं होता ते छातीठोक सांगत होता. मास्तरांच्या दारावर कुणीतरी डांबरानं ‘चोर’ लिहिलं. त्यांची शिट्टी कायमची काढून घ्यायची का, हे कमिटी शनिवारी ठरवणार होती.

काकांना या तोंडांची किळस यायची. पण खरी शिसारी आली ती शुक्रवारी, मापाची दोरी उलगडताना. बोटांना गाठ लागली. सामन्याच्या सकाळी दोरी तुटली होती, घाईत त्यांनीच ती दुहेरी गाठ मारून जोडली होती, आणि गाठीनं खाल्लेली वीतभर दोरी हिशोबात धरायला साफ विसरले होते. चौकोन वीतभर आखूड झाला होता; रेघ बरोबर असती तर गड्याचा पाय आतच पडला असता. मास्तरांची नजर खरी होती, रेघच खोटी होती. आठवडाभर मास्तर खात होते त्या शिव्या काकांच्या वाट्याच्या होत्या. काकांना स्वतःचीच घाण वाटली.

दोरी घेऊन ते तडक सलूनमध्ये गेले. कमिटीचे सेक्रेटरी गालाला फेस लावून खुर्चीत बसले होते, भोवती नेहमीचं टोळकं.

“मास्तरांची चूक नाही,” काका म्हणाले. “माझी दोरी आखूड होती. ही बघा गाठ. रेघ मीच चुकीची मारली.”

न्हाव्यानं वस्तरा थांबवला आणि म्हणाला, “म्हणजे चुनेवाल्यानंच आपल्याला चुना लावला!”

सलून हसून लोटपोट झालं. सेक्रेटरी इतके हसले की फेस आरशावर उडाला. काकांनी गाठ त्यांच्या नाकापुढं धरली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली. कुणीतरी विचारलं, मास्तरांनी तुम्हाला किती दिले? परत हशा, आणि परत मास्तरांच्या नावानं शिमगा सुरू. बावीस वर्षांत काका पहिल्यांदा आपली चूक चारचौघांत बोलले होते आणि त्याचा विनोद झाला होता. बाहेर येऊन ते गटाराशी थुंकले.

शनिवारी कमिटीनं मास्तरांची शिट्टी काढून घ्यायचं ठरवलं.

रविवारी काकांनी नव्या दोरीनं चौकोन आखला. जुनी रेघ गवतात अजून पुसट दिसत होती, नवीपासून वीतभर आत. शिट्टी जमा करायला आलेले मास्तर दोन्ही रेघांपाशी थांबले.

“काका, त्या दिवशीची रेघ ही आतली?”

“हो. चूक माझी, मास्तर. तुमचा निर्णय बरोबर होता.”

“मग हे त्यांना सांगा ना.”

“सांगितलं,” काका म्हणाले. “हसले.”