लाल चमकणारं पाणी

एका जागी बसणं मला त्या काळात जमतच नव्हतं. नागपूरच्या प्रयोगशाळेत मी लँथेनम फ्लोराइडचे अतिसूक्ष्म कण बनवत होते, त्यात किंचित युरोपियम मिसळून. कण नीट बनले की जांभळ्या दिव्याखाली लाल चमकायचे. पुढेमागे त्यांच्यावर औषध चढवायचं, ते शरीरातल्या गाठीपर्यंत न्यायचं आणि कुठवर पोचलं ते चमकेवरून बघायचं, असा सगळा बेत. पण साध्या पाण्यात गुण्यागोविंदानं राहणारे हे कण रक्तासारख्या खारट पाण्यात गेले की एकमेकांना चिकटून तळाशी बसायचे. महिनोन्महिने हेच चाललेलं. बालाघाटला घरी आले तरी मी जेवताना मध्येच उठायचे आणि अंगणात फेऱ्या मारायचे.

एकदा दाखवायला म्हणून त्यातली एक छोटी प्लास्टिकची बाटली घरी आणली आणि जाताना तिथेच ठेवली. बाबा तहसील कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, रिकामपण त्यांना खायला उठलेलं. त्यांनी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून नकली नोटा ओळखायचा जांभळा दिवा मागून आणला आणि आल्या-गेल्याला खोलीत अंधार करून ती बाटली दाखवायचा सपाटाच लावला. आमची अजून उंदरापर्यंतही मजल गेली नव्हती, आणि इकडे बाबांनी कॅन्सरचं औषध जाहीर करून टाकलं होतं.

हे मला कळलं पुढच्या सुट्टीत, चहा पिताना. लांजीच्या आत्याच्या, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीच्या, छातीत गाठ निघाली होती. लवकर ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तारीखही मिळाली होती, ती तिनं जाऊ दिली.

"ते म्हणते, कापाकापी कशाले? पोरीचं औषध येऊनच राह्यलं," बाबा म्हणाले. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा फुललेला होता.

माझं डोकं फिरलं. औषध नाही, नुसते कण आहेत, ते अंगात गेले तर काय करतील हेसुद्धा आम्हाला ठाऊक नाही, असं मी तावातावानं सांगितलं. बाबा हळूच म्हणाले, तिला धीर मिळाला तर काय बिघडलं? गाठ थांबत नाही हे बिघडलं, असं मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली आणि दिवा पिशवीत टाकून लांजीची बस धरली. बस कुणीही हात दाखवेल तिथे थांबत होती. दर थांब्याला मी खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरकडे बघत होते, जणू माझ्या बघण्यानं ती लवकर सुटणार होती.

आत्याचं घर गाठलं तर लाइट गेलेली. आत्या परसात धान पाखडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, आणलं काय? लाइट यायची वाट बघत मी बसून राहिले. आत-बाहेर केलं, पुन्हा बसले. शेवटी राहवेना. मी बाटली तिच्या हातात दिली.

ती उजेडात धरून तिनं बराच वेळ पाहिली. दिव्याशिवाय ते जरासं गढूळ पाणी होतं, इतकंच.

मी तिला एक काचेचा ग्लास मागितला. फ्लोराइड काच खातं म्हणून प्रयोगशाळेत मी काचेला हात लावत नसे, पण हे कण धुतलेले होते, काचेला भीती नव्हती. त्यात बाटली ओतली आणि स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून टाकलं. रक्तही असंच खारट असतं, म्हटलं, बघ आता. थोड्याच वेळात पाणी पांढरं झालं, बारीक गाळ धरू लागला आणि तो हळूहळू तळाशी बसला. माझ्या कामाचं अपयश मी आजवर कुणाला इतकं मन लावून दाखवलं नव्हतं. हे तुझ्या अंगात गेलं तर तिथेही असंच होईल, मी म्हणाले. मी हे नीट करीन, पण त्याला किती वर्षं लागतील ते मलाही माहीत नाही. तू थांबू नकोस.

आत्यानं ग्लास हलवून पाहिला. कण उठले आणि पुन्हा बसले. तिला राग येईल, रडू येईल, बाबांना ती बोल लावील, या सगळ्याची मी तयारी करून आले होते.

"मले समजत होतं," ती म्हणाली. "भावानं अंधारात दिवा लावून दाखवलं तवाच समजलं, इतकं सोप्पं कुठं असते? पण ते बाटली होती ना, तं रात्री मले भेव वाटत नोव्हतं. आता वाटून राह्यलं."

तिच्याजवळ होतं नव्हतं तेवढं मी काढून घेतलं होतं, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे खरं तेवढंच होतं. मला स्वतःचीच चीड आली, आणि खूप वाईट वाटलं.

तिनं ग्लास मोरीत ओतायला घेतला, मग थांबली.

"ऑपरेशनले तू येशीन ना संग? आत नेतपर्यंत?"

"हौ," मी म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसले. लाइट आली तरी दोघीही उठलो नाही.