शमीमभाबीचं कांडप

शमीमभाबी मिरची चाखायची नाही, ऐकायची. आमच्या कोऱ्हाळ्यात तिची मिरची कांडपाची गिरणी. गिऱ्हाइकाच्या पिशवीतली एक मिरची कानाशी धरून मोडायची. कडकन आवाज आला तर ठीक, नाहीतर पिशवी परत तुमच्या हातात. "ओल हाय हिच्यात. दोन दिस ऊन द्या. बुरशी आली तर नाव माझं निघंल!" समोर सरपंच असो की शाळेची बाई, म्हणजे मी.

तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात तिचा गळा धरला. सारखं खाकरणं, गिळताना टोचणं, आणि गिरणीच्या वर चढणारा तो आवाज पार बसला. अडुळसा झाला, हळदीचं दूध झालं, दुखणं हटेना. सगळं गाव म्हणालं, मिरचीच! धाकट्या दिरानं तर गिरणीची जागा विकायला गिऱ्हाईकच आणलं. आणि "बंद कर गं ती गिरणी" म्हणून सगळ्यात आधी तिच्या मागं कोण लागलं? मीच. मोठी शहाणी!

"नवरा गेल्यापास्नं हिच्यावर दोन पोरी शिकवल्या," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मिरचीनं केलंय, हे डाक्टर सांगू दे. तुमी कोण?"

बारामतीला मी सोबत गेले. डॉक्टरांनी नळी घालून गळा पाहिला आणि मिरचीचं सोडून जेवणाचंच विचारलं. हंगामात भाबी दिवसभर उपाशीपोटी चहा ढोसायची आणि रात्री ताटभर जेवून तशीच आडवी व्हायची. आम्लपित्त वर चढून गळा जाळत होतं. "गिरणीत तोंडाला फडकं बांधा," डॉक्टर म्हणाले, "पण मूळ दुखणं पोटाचं." भाबीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मग तिनं हट्टानं पथ्य पाळलं. गोळ्या वेळेवर, जेवण दिवस मावळायच्या आत, बाजेच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा. दोन-अडीच महिने लागले, पण आवाज परतला. तेवढ्यात दीर पुन्हा हजर. "भाबी, आता तरी बंद करा."

"केलं की बंद," भाबी गिरणीवर आवाज चढवून ओरडली. "चहा!"

यंदा मी मिरची घेऊन गेले. तिनं एक कानाशी मोडली आणि पिशवी माझ्याकडं ढकलली.

"ओल हाय, बाई! न्या माघारी!"

अख्ख्या आळीला ऐकू गेलं. रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू!