एक्केचाळिसावी चाचणी

आमच्या घरच्या गणपतीचं आमंत्रण मी एकदा मशीनकडून दिलं आणि कॉम्प्युटरवरची नोकरी जाता जाता राहिली. चूक माझीच, आळसापायी केलेली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या बेटावर क्वात्र बॉर्न गावातल्या एका कापड कंपनीच्या कचेरीत मी कॉम्प्युटरवर होते. गुडलँड्सच्या कारखान्याशी पत्रव्यवहार मशीनवरून व्हावा म्हणून टपालाचा प्रोग्राम लिहीत होते. एक चूक दुरुस्त केली की दुसरी डोकं वर काढायची. वैतागून मी चाळीस चाचण्या लिहिल्या. कळ दाबली की मशीन आपणहून खोटी पत्रं खोट्या पेट्यांत टाकायचं, पोचली का ते बघायचं आणि कागदावर ‘पास’ किंवा ‘नापास’ छापायचं. तेवढ्यात मी डाळपुरी खाऊन यायची.

साहेबांनी, म्हणजे आमच्या मिस्येंनी, बजावलं होतं: सोमवारपर्यंत सगळ्या पास, नाहीतर तू परत टायपिंगला. टायपिंगच्या प्रमुख आमच्याच मराठी समाजातल्या एक मावशी. स्वल्पविराम चुकला तरी अख्खं पान फाडायच्या. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढली होती, तिसरं नको होतं.

शनिवारी गणपती होता. आमच्यात हे बोलावणं घरोघर जाऊन तोंडानंच देतात. कुणी राहिलं तर वर्षभर अबोला. आमच्या घरून, नुव्हेल फ्रांसहून, बस बदलत हिंडायचा मला कंटाळा. म्हणून चाळिसाव्या चाचणीत, जिथे एकच पत्र सगळ्या यादीला जायचं, तिथे मी खोट्या पेट्यांऐवजी कचेरीतल्या माणसांची यादी घातली. मजकूर कचेरीत सगळ्यांना कळणाऱ्या क्रेओल बोलीत: गणपतीला या, जेवून जा. मशीननं छापलं, पास.

शनिवारी अंगण भरलं.

“किती जनांना बोलवलंस गो?” आये केळीची पानं कापता कापता ओरडली.

“मी नाय, मशीननं.”

मिस्येंनी पानातल्या सातही भाज्या दोनदा घेतल्या आणि “कोरेक!”, म्हणजे झकास, म्हणत मान डोलावली. माझी नोकरी पक्की झाली असं मी समजले.

सोमवारी मावशी माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“सगल्यांना बोलवलंस. मी मानूस नाय?”

मी यादी पाहिली. त्यांचं नाव अगदी शेवटी. प्रोग्राम शेवटचं नाव गाळत होता, आणि माझी चाचणी पहिल्याला पत्र मिळालं की खूश होऊन ‘पास’ छापत होती.

मिस्ये मागेच उभे होते. खरं सांगावं तर मी टायपिंगला; गप्प बसावं तर मावशी कायमच्या दुखावणार. खरं बोलायची मला फारशी हौस नाही. पण मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

“बोलवलं होतं, मावशी. मशीननं पत्र हरवलं.”

मिस्येंनाही मी क्रेओलमध्ये सगळं सांगितलं. ते एवढे हसले की खुर्ची ओढून बसले. चाळीस चाचण्यांना जे जमलं नाही ते मादामच्या, म्हणजे मावशींच्या, रागानं शोधलं, म्हणाले. मला आठवड्याची मुदत मिळाली. पास की नापास हे मादाम ठरवणार होत्या.

एक्केचाळिसावी चाचणी मी लिहिली: शेवटच्या पेटीत पत्र पोचलं का? शुक्रवारी मावशींना पत्र गेलं: घरी मोदक करतोय, या. त्यांनी ते छापून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि लाल शाईनं एक स्वल्पविराम घातला.

“मशीन पास,” त्या म्हणाल्या. “तू नापास. बोलावनं तोंडान देतात.”

संध्याकाळी मोदकांचा डबा घेऊन मी त्यांच्या दारात उभी होते.