वसंतकाकांच्या घरची दोन मतं

दर शनिवारी तीच मंडळी एकत्र जेवली की किस्से आपोआप साठतात. पण २००४ च्या सुमारास अमेरिकेत, बॉथेलजवळच्या आमच्या छोट्या गावात जुगारावर मतदान आलं आणि आमच्या ग्रुपची वर्षभराची सोय झाली.

गावात पत्त्यांचा जुगार चालणारी एकच कार्ड रूम होती. तिला टेबलं वाढवू द्यायची का, एवढाच प्रश्न. आम्ही सगळे व्हिसावाले, आम्हाला मत नाही. म्हणून वाद सगळ्यात जास्त आम्हीच घालायचो. मत होतं फक्त वसंतकाका आणि शैलाकाकूंना. दोघं नुकतेच सिटिझन झालेले. काका कट्टर 'नो'. काकू तितक्याच ठाम 'येस', कारण शेजारची डॉना तिथे पत्ते वाटायचं काम करायची. टेबलं वाढली की तिची नोकरी फुलटाइम होणार होती, हेल्थ इन्शुरन्ससकट. आणि मागच्या वर्षी काकांच्या छातीत दुखलं, तेव्हा त्यांना गाडीत घालून इमर्जन्सीत नेलं होतं ते डॉनानेच.

* * *

काकांनी लॉनवर 'व्होट नो'चा बोर्ड लावला. वाऱ्याने तो आडवा झाला. कामावर निघालेल्या डॉनाने गाडी थांबवली, उतरली आणि बोर्ड पुन्हा नीट रोवला. काका खिडकीतून बघत होते. ओशाळून बाहेर आले.

"डॉना, हे तुझ्याविरुद्ध नाही गं," ते इंग्रजीत म्हणाले.

"माहितेय. पण वाकडा बोर्ड मला बघवत नाही."

* * *

एका शनिवारी आमची रमी रंगात आलेली असताना 'नो'वाल्यांची एक बाई काकांना भेटायला दारात उभी. माझ्या नवऱ्याने घाईघाईने पत्ते गोळा केले आणि त्यांच्यावर बसला. एवढी माणसं बघून बाई भारावली. "तुम्ही सगळे याच कामासाठी जमलात?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "येस. वी आर व्हेरी सीरियस अबाउट कार्ड्स."

* * *

सिटी हॉलमधल्या सुनावणीत काका बोलायला उभे राहिले आणि थेट द्यूतापासून सुरुवात केली. राज्य गेलं, भाऊ गेले, द्रौपदीला पणाला लावलं, आणि नेमकी तिथेच वेळ संपल्याची घंटा वाजली. काका शिस्तीचे, लगेच खाली बसले.

अध्यक्षबाई अस्वस्थ झाल्या. "सर, पण त्या बाईचं पुढे काय झालं?"

"मॅडम, टाइम इज ओव्हर," काका म्हणाले.

* * *

मतपत्रिका टपालाने घरी आल्या. दोघं डायनिंग टेबलावर समोरासमोर बसले. काकूंनी आपल्या कागदाला हाताचा आडोसा केला.

"अगं, तुझं मत अख्ख्या गावाला ठाऊक आहे. लपवतेस काय?"

"गुप्त मतदान म्हणतात याला. तुमचं तुम्ही बघा."

* * *

निकाल लागला. 'नो' जिंकलं. आम्ही पेढे घेऊन गेलो, तर काकांनी हातातला पेढा तसाच बशीत ठेवला. तेवढ्यात डॉना आली. "अभिनंदन, व्हॅसंट," तिने हात पुढे केला. काकांनी तो धरला, पण मान वर होईना.

"सॉरी, डॉना. मी 'येस' केलं होतं," ते म्हणाले. "ऐन वेळी मला ती इमर्जन्सी आठवली."

चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या काकू दारातच थबकल्या.

"अहो, मग मला सांगायचं तरी! मी 'नो' करून बसले."

"तू? का?"

"गावभर बोर्ड लावत फिरत होतात. म्हटलं, निदान बायकोचं एक मत तरी मिळू दे माणसाला."